नोम कुणालाच का नको असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा जणांचा ग्रुप, दोन वर्षं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून डाइस टाकत गोष्ट खेळायची) चाललंय, पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक, तीन कॅम्पेन (लांब चालणाऱ्या सलग गोष्टी) झाली, आणि एवढ्या काळात एकानेही नोम (बुटक्यांचा एक वंश, खेळात त्याला रेस म्हणतात) घेतला नाही. हाफलिंग, हाही बुटकाच, एकदाच आला, तोही एका वन-शॉटपुरता, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या खेळापुरता. बाकी सगळे टीफलिंग (शिंगं-शेपटीवाले), हाफ-एल्फ, ड्रॅगनबॉर्न नाहीतर सरळ माणूस. तर नोम नि हाफलिंग नियमांत कमजोर आहेत म्हणून असं होतं का, आणि डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) त्यांना एखादं फीट (जादा कौशल्य) फुकट द्यावं का.

फीट देऊ नका. का ते सांगतो, पण जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी ३.५ आवृत्तीच्या जमान्यापासून डीएम आहे, म्हणजे झेरॉक्स काढलेल्या शीट्स आणि पाच जणांत मिळून एकच डाइस सेट, वीस बाजूंचा डाइस सोफ्याखाली गेला की अख्खी लढाई थांबायची, तेव्हापासून. माझ्या टेबलवर किती कॅरॅक्टर आली आणि किती मेली याचा काही हिशोब नाही, पण नोम किती आले ते बोटांवर मोजून सांगतो. पाच. त्यातल्या एकाला तर मीच घालवलं, ते खाली येईलच.

आधी कमजोरीचं बघू, कारण सगळ्यांना पहिला संशय तोच येतो. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमधला नोम उघडा. त्यात नोम कनिंग नावाची एक गोष्ट आहे, जादूविरुद्धच्या इंटेलिजन्स, विझडम आणि करिष्मा या तिन्ही सेव्हना (वाचण्यासाठी टाकायच्या डाइसना) ॲडव्हान्टेज. तिन्ही! समोरच्याने होल्ड पर्सन टाकू दे, सजेशन टाकू दे, डॉमिनेट टाकू दे, नोम प्रत्येक वेळी दोन डाइस टाकून मोठा आकडा घेणार. वर इंटेलिजन्सला +२, वर डार्कव्हिजन. विझर्ड (जादूगार) करायचा असेल तर त्या पुस्तकात याच्याइतकं चांगलं फारसं काही नाही. चाल २५ फूट आहे, मान्य, पण विझर्डला पळायचं असतं कुठे.

आता शेजारच्या पानावरचा ड्रॅगनबॉर्न बघा. डार्कव्हिजन नाही. फुंकर मारायची तर पूर्ण ॲक्शन जाते आणि पहिल्या लेव्हलला डॅमेज किती, तर सहा बाजूंचे दोन डाइस. सहाव्या लेव्हलला तीन होतात, पण तोवर फायटर एका ॲक्शनमध्ये दोनदा तलवार मारायला लागलेला असतो, म्हणजे समोर एकच शत्रू असेल तर फुंकर मारणं हे चक्क नुकसान आहे. आणि एकदा मारली की रेस्ट घेईपर्यंत बंद. हे सगळ्यांना माहीत होतं, खेळ काढणाऱ्या कंपनीलाही माहीत होतं, म्हणून तर २०२१ मध्ये फिझबन्सच्या पुस्तकात नवे ड्रॅगनबॉर्न आले, ज्यांची फुंकर एका हल्ल्याच्या जागी बसते, पूर्ण ॲक्शन खात नाही. पण मधली सात वर्षं काय लोकांनी ड्रॅगनबॉर्न सोडला? छे. माझ्याकडे नवीन आलेली अर्धी पोरं पहिल्याच दिवशी विचारायची, दादा तो ड्रॅगनवाला घेता येतो ना. त्यांना आकडे दाखवले तरी काही फरक पडायचा नाही. ड्रॅगन व्हायला मिळतंय म्हटल्यावर दोन डाइस काय नि तीन डाइस काय.

म्हणजे जवळजवळ सगळ्यात जोरदार रेस पडून आहे आणि त्याच पुस्तकातली सगळ्यात ढिली रेस धडाधड खपतेय. तेव्हा आकड्यांनी हे कोडं सुटत नाही.

बरं, दुसरा संशय असा की पुस्तकं महाग, लोकांकडे जे फुकट असतं तेच ते घेतात. यात थोडं तथ्य आहे. २०१४ चे फुकट बेसिक रूल्स होते त्यात माणूस, एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग एवढे चारच. २०१७ मध्ये डी अँड डी बियॉन्डवरच्या कॅरॅक्टरांची आकडेवारी बाहेर आली तेव्हा सगळ्यात जास्त माणूस निघाला आणि मानव-फायटर ही जोडी एक नंबरला, त्यात या फुकटपणाचा वाटा असणारच. पण मग हाफलिंगही फुकटच होता की! तो का नाही उचलला कुणी? आणि संगणकावरच्या बाल्डर्स गेट ३ मध्ये तर सगळंच एका किमतीत मिळतं, शिंगं घ्या, शेपटी घ्या, आणि तिथेही २०२० मध्ये गेम अर्धवट अवस्थेत आली तेव्हा ती बनवणाऱ्या कंपनीने प्लेयर्सच्या आवडीनिवडींची सरासरी काढून एक चेहरा बनवला तर निघाला एक अगदी साधा माणूस, आणि कंपनीनेच वैतागून थट्टा केली की अहो आम्ही तुम्हाला शिंगं दिली, शेपट्या दिल्या, आणि तुम्ही हे केलंत? पूर्ण गेम २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली तेव्हा वरचे तीन कोण, तर हाफ-एल्फ, माणूस, एल्फ. म्हणजे माणूस, आणि टोकदार कानांचा माणूस.

आकड्यांचा संबंधच नाही असं मात्र मी म्हणत नाही. आकडे अगदीच गळा दाबत असतील तर रेस मरतेच, आणि हे कंपन्यांनी मुद्दाम करून झालेलं आहे. १९७४ च्या मूळ नियमांत हॉबिट (तेव्हा हॉबिटच म्हणायचे, कायदेशीर भानगड झाल्यावर हाफलिंग झाला) फायटर म्हणून चौथ्या लेव्हलच्या पुढे जाऊच शकत नव्हता. ड्वार्फ सहाव्यापर्यंत. माणसाला मर्यादाच नाही. खेळाचे एक निर्माते गायगॅक्स, त्यांना जग माणसांचंच ठेवायचं होतं आणि नियमातच तशी खुंटी मारली होती. लेव्हलची ही भानगड २००० साली तिसऱ्या आवृत्तीने काढली आणि तिच्या जागी दुसरी आणून ठेवली, लेव्हल ॲडजस्टमेंट. ड्राउ (जमिनीखालचा एल्फ) घ्यायचा तर +२, म्हणजे पार्टी पाचव्या लेव्हलला पोचली की तुमचा ड्राउ विझर्ड खरा तिसऱ्याच लेव्हलचा. आता ज्याने ३.५ खेळलंय त्याला कळेल याचा अर्थ काय, बाजूचा माणूस विझर्ड फायरबॉल टाकतोय आणि तुम्ही अजून दुसऱ्या पातळीचे स्पेल मोजताय, हिट पॉइंट तर विचारूच नका. आमच्या एकाने हट्टाने घेतला होता, दोन सेशन टिकला, तिसऱ्यात एका राक्षसाचा सोटा चुकून त्याला लागला. चुकून म्हणजे शेजारच्याला मारायचा होता.

पण बघा, एवढं असूनही ड्राउ मागणारे संपले नाहीत! दर कॅम्पेनला एक जण असायचाच. कारण १९८८ पासून दोन तलवारींचा एक ड्राउ कादंबऱ्यांतून फिरत होता, ड्रिझ्ट, आणि सगळ्यांना तोच व्हायचं होतं. नियम म्हणत होते घेऊ नको, चित्र म्हणत होतं घे, आणि चित्र जिंकलं. अलीकडचं उदाहरण फिरबोल्गचं, म्हणजे जंगलातल्या धिप्पाड लोकांचं. २०१६ मध्ये आले तेव्हा माझ्या टेबलवर कुणी ढुंकून पाहिलं नाही, मग क्रिटिकल रोल या डी अँड डी खेळून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये एक शांत, चहा करणारा फिरबोल्ग क्लेरिक आला आणि लगेच माझ्याकडे लागोपाठ तीन शांत, चहा करणारे फिरबोल्ग आले, त्यातल्या एका पोराने त्याआधी आयुष्यात कधी शांत बसून दाखवलं नव्हतं.

तर माझं म्हणणं असं की रेस निवडताना माणूस मनात एकच सीन बघतो. आपण खानावळीचं दार ढकलून आत शिरतोय आणि आतली सगळी माणसं आपल्याकडे बघतायत. त्या बघण्यात काय आहे यावर सगळं ठरतं. भीती असेल तर चालते. तिरस्कार तर फारच चालतो, टीफलिंगचं अख्खं दुकान त्यावर चाललंय. कौतुक चालतं, संशय चालतो. दोन गोष्टी चालत नाहीत, एक म्हणजे आतल्यांनी हसणं, आणि दुसरी म्हणजे आतल्यांना आपण दिसलोच नाही, ही.

नोमच्या नशिबी या दोन्ही आहेत.

आता ती माझी गोष्ट. पाचव्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. इंजिनीअरिंगचा एक पोरगा होता, अबोल, पण डोकेबाज, त्याने नोम विझर्ड घेतला, नाव बिंबल, आणि तीन पानं बॅकस्टोरी लिहून आणली, आजोबांचं घड्याळ, हरवलेला खाणीतला रस्ता, बरंच काही. मी ती वाचलीसुद्धा. आणि पहिल्याच सेशनला पार्टी खानावळीत शिरली तेव्हा मी खानावळवाल्याच्या आवाजात म्हणालो, "अरे पोरा, आई कुठेय तुझी?" टेबल फुटलं हसून. तोही हसला. दुसऱ्या सेशनला वेशीवरच्या पहारेकऱ्याने पाच जणांचं स्वागत केलं, बिंबल सहावा, तो त्याला दिसलाच नाही. परत हशा. तिसऱ्या सेशनला बार्बेरियन खेळणाऱ्याने विचारलं की मी याला भिंतीवरून पलीकडे फेकू शकतो का, आणि मी गाढवासारखा म्हणालो, स्ट्रेंग्थ रोल कर. मला वाटत होतं किती धमाल चाललीये. चौथं सेशन संपल्यावर सगळे निघाले, हा मागे रेंगाळला, डाइस पिशवीत भरता भरता खाली बघूनच म्हणाला, "दादा, बिंबल मेला तर चालेल का? म्हणजे पुढच्या लढाईत, सहज."

मी मारला त्याला. पुढच्या आठवड्यात पोरगा टीफलिंग घेऊन आला, तीच खानावळ, तोच खानावळवाला, आणि या वेळी मी म्हणालो की त्याचा हात काउंटरखालच्या सुऱ्याकडे गेला. तो अबोल पोरगा खुर्चीत सरसावून बसला, दोन्ही कोपर टेबलवर टेकवले आणि जे बोलायला लागला ते तास-दीड तास थांबला नाही. बिंबलची ती तीन पानं माझ्या फाइलमध्ये अजून आहेत, आजोबांच्या घड्याळाचं पुढे काय होणार होतं ते मला कधी कळलंच नाही.

नोमची ही गत फक्त माझ्यासारख्या डीएमनी केली असंही नाही, कंपनीला स्वतःलाच नोम म्हणजे काय हे कधी ठरवता आलं नाही. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड प्लेयर्स हँडबुकात त्याचं एक बरं काम होतं, बिगरमानवी लोकांत इल्युजनिस्ट, म्हणजे आभासांचा जादूगार, होऊ शकणारा तो एकटाच. मग १९८४ मध्ये सुरू झालेल्या ड्रॅगनलान्सने (खेळाचं नि कादंबऱ्यांचं एक कल्पित जग) टिंकर नोम आणले, म्हणजे धडपडे संशोधक ज्यांचं प्रत्येक यंत्र फुटतं, आणि नोम म्हणजे विनोद हे पक्कं झालं. २००० मध्ये परत इल्युजनिस्ट, आणि तीनच वर्षांनी ३.५ मध्ये त्याची आवडती क्लास (पेशा) बदलून बार्ड (गवई) केली, का, कुणास ठाऊक. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर प्लेयर्स हँडबुकातून काढूनच टाकला, मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये बसवला, आणि त्याच्या प्रचाराला एक कार्टून काढलं ज्यात नोम ओरडतो की मी मॉन्स्टर आहे, डरकाळी! पुढच्या वर्षी हँडबुक दोनमध्ये परत आणला. ज्याची जागा कंपनी दर आवृत्तीला बदलते त्याच्यात प्लेयरने काय बघायचं? बुटका आणि कारागीर म्हणावं तर ड्वार्फ आहे, बुटका आणि आनंदी म्हणावं तर हाफलिंग आहे, जंगल आणि जादू म्हणावं तर एल्फ उभाच आहे. तिघांच्या मधल्या फटीत नोम.

हाफलिंगचं दुखणं थोडं वेगळं आहे. त्याला जागा आहे, पण ती जागा घरी आहे. बिळात, चुलीपाशी, दुसऱ्या न्याहारीला. साहस करायला निघालेल्या खेळात घरकोंबडा कुणाला हवा? तिसऱ्या आवृत्तीवाल्यांनी हे ओळखून त्याला बारीक, चपळ, चामड्याच्या कपड्यांतला भटक्या केला होता, आणि मला आठवतंय त्या काळात माझ्याकडे हाफलिंग रोग, म्हणजे चोर, बऱ्यापैकी यायचे. मग २०१४ च्या पुस्तकात तो परत गुबगुबीत झाला आणि चित्रं अशी काढली की डोकं भोपळ्याएवढं आणि पाय बाहुलीचे. त्या चित्रांची जेवढी थट्टा झाली तेवढी त्या पुस्तकातल्या दुसऱ्या कशाची झाली नसेल. आणि गंमत म्हणजे लकी हा त्याचा गुण, एक पडला की परत टाकायचा, खेळताना इतका सुखाचा आहे की ज्याने एकदा वापरला तो विसरत नाही, पण तिथवर पोचायला आधी ते चित्र ओलांडावं लागतं.

आपल्या टेबलांवर अजून एक गोष्ट होते जी मला बरीच वर्षं लक्षात आली नव्हती, आवाजाची. आम्ही मराठीत खेळतो, म्हणजे नियम इंग्रजी, बोलणं मराठी. ड्वार्फ पहिल्याच दिवशी कोल्हापुरी झाला, कुणी ठरवलं नाही, आपोआप, "काय रं भावा, कुऱ्हाड कुठं ठिवलीस माझी?" आणि तिथून पुढे प्रत्येक ड्वार्फ तसाच. एल्फ आकाशवाणीच्या बातम्यांसारखं बोलतात, "आपण या वनात प्रवेश करण्याचे प्रयोजन सांगावे." ऑर्क कमी बोलतात, ते सोपं. नोमला आवाजच नाही. इंग्रजी टेबलांवर निदान बागेतला लाल टोपीचा पुतळा तरी डोळ्यांपुढे येतो, तोही विनोदीच म्हणा, पण आपल्याकडे कुणाच्या बागेत असतो तो? ड्वार्फ म्हटलं की निदान हिमगौरीचे बुटके आठवतात. नोम म्हटलं की काहीच आठवत नाही, आणि जे मनात दिसत नाही, ऐकू येत नाही ते तोंडातून येणार कुठून. वन-शॉटमधला तुमचा तो एकुलता हाफलिंग आठवा, तो कुठल्या बोलीत बोलत होता? माझी पैज आहे की तो खेळणाऱ्याच्या नेहमीच्याच आवाजात बोलत होता.

आता काही रेस वेगळ्या कारणाने पडतात, ते वेगळं काढायला हवं, नाहीतर सगळ्यांना एकच औषध द्याल. केनकूचं घ्या. २०१६ च्या व्होलोच्या पुस्तकातला केनकू, कावळ्यासारखा, उडता येत नाही, आणि स्वतःचं बोलणंच नाही, फक्त ऐकलेले आवाज आणि वाक्यं परत काढता येतात. वाचायला काय भन्नाट आहे! लोक धावत येतात. माझ्याकडे एक मुलगी होती, तिने खरंच वही घातली, एनपीसी, म्हणजे डीएमचं एखादं पात्र, काय बोलतं ते शब्दन् शब्द लिहून घ्यायची आणि तेच तुकडे जोडून बोलायची, सुतारणीचं "दोन नाणी", पुजाऱ्याचं "देव बघतोय", चोराचं "मागच्या दाराने". पहिल्या सेशनला आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सेशनला राजवाड्यात वाटाघाटी होत्या, पाऊण तास, आणि तिला मुद्दा सुचत होता, मला चेहऱ्यावर दिसत होतं, पण वहीत त्या मुद्द्याला लागणारं वाक्य नव्हतं. ती पानं उलटत राहिली, तोवर बोलणं पुढे गेलेलं. चौथ्या सेशनला वही आणलीच नाही. अट असावी, पण रोज भरायचा दंड नसावा. ग्रंग या बेडूकमाणसांचं तसंच, रोज तासभर पाण्यात बुडून राहायचं नाहीतर थकव्याची एक पायरी चढते, मग वाळवंटात कॅम्पेन गेलं की एक तर डीएम विसरल्यासारखं करतो नाहीतर पार्टी त्याच्यासाठी बादली वाहत फिरते. उन्हात डिसॲडव्हान्टेजवाले जुने ड्राउ आणि कोबोल्ड, तेच. २०२२ मध्ये मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स आलं त्यात केनकूचं बोलण्याचं कुलूप काढलं, आणि आता तो खेळता येतो, पण टाळ्या नाही वाजत. काहीतरी गेलं ते गेलंच.

काहींना तर प्लेयर नाही, डीएमच नको म्हणतो. ॲराकोक्रा हा पक्षीमाणूस पहिल्या लेव्हलपासून उडतो, २०१५ च्या नियमांत ५० फूट, म्हणजे माझी खंदक, दऱ्या, भिंती असलेली तीन आठवड्यांची तयारी एका वाक्यात संपली, "मी वरून बघून येतो." मी स्वतः बंदी घातलीये, लाज नाही वाटत. आणि केंडर! केंडरला टेबलवरचे बाकीचे प्लेयर नको म्हणतात. ड्रॅगनलान्समधले हे लोक दुसऱ्याच्या वस्तू "सहज हातात आल्या" म्हणून उचलतात, चोरी म्हणायचं नाही, आणि गोष्टीत ते गोड वाटतं कारण गोष्टीतल्या माणसांना डाइस टाकायचे नसतात. टेबलवर मात्र एक जण बाकी चौघांचं सामान लंपास करतो आणि वर म्हणतो माझं कॅरॅक्टरच तसं आहे. मी यावरून ग्रुप फुटलेले पाहिलेत. २०२२ मध्ये नवीन ड्रॅगनलान्स आलं त्यात केंडरला ते उचलेगिरीचं काम ठेवलंच नाही, निर्भयपणा आणि डिवचणं ठेवलं, शहाणपणा केला.

आणि चौथ्या आवृत्तीच्या हँडबुक तीनमधले शार्डमाइंड नि वाइल्डन, स्फटिकांचा माणूस आणि झाडाचा माणूस, ते पाचव्या आवृत्तीत खेळायला आलेच नाहीत, आणि ते आले नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्फटिक खानावळीचं दार ढकलून आत येतो, मग? तो जेवतो का, झोपतो का, त्याला आई आहे का, पहिल्या पाच मिनिटांत हे प्रश्न पडले की प्लेयर दमतो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. फीट दिल्याने काय होईल तर एक जण ते फीट बघून नोम घेईल आणि शीटवर नोम लिहून माणूस खेळेल, बुटका माणूस. टाशाच्या पुस्तकाने २०२० मध्ये स्टॅटचे (ताकद, बुद्धी वगैरेंचे) बोनस कुठेही हलवायची मुभा दिली तेव्हा मी हेच पाहिलं. सगळे म्हणाले आता सगळ्या रेस सारख्या चालणार. माझ्याकडे माउंटन ड्वार्फ विझर्ड मात्र वाढले, कारण दोन +२ आणि वर मीडियम आर्मर, नोम वाढले नाहीत. २०२४ च्या पुस्तकात तर बोनस रेसमधून काढून बॅकग्राउंडला लावलेत, चाल सगळ्यांची किमान ३० फूट केलीये, बुटक्यांना मोठी तलवार धरायची आडकाठी गेली, तरी तुमच्या टेबलवर पुस्तक बदललंत तर नोम रांगा लावतील असं मला वाटत नाही.

बिंबलनंतर मी काय केलं ते सांगतो, तुम्हाला जमलं तर बघा. पुढच्या कॅम्पेनमध्ये एक बंदर होतं आणि त्या बंदरात कुलूपवाल्यांची एक गल्ली. सगळे नोम. शहरातल्या प्रत्येक सावकाराचं, देवळाचं, तुरुंगाचं कुलूप त्यांनी केलेलं, त्यामुळे शहरात कुणाच्या घरात काय आहे हे त्यांना माहीत, आणि सगळं शहर त्यांना टरकून. दारं चार फुटी, धिप्पाड गोलायथ बार्बेरियनला आत यायचं तर गुडघ्यावर यावं लागायचं आणि मी दर वेळी ते करायला लावायचो, रोल नाही, नुसतं "वाक". आणि दुकानांवर पाट्या. पुणेरी पाट्या, सरळ सरळ. "कुलूप बिघडलेले नाही, आपण चुकीची किल्ली लावत आहात." "चौकशी एकदाच करावी." "१ ते ४ दार वाजवू नये, वाजवल्यास उघडले जाणार नाही." पहिली पाटी वाचल्याबरोबर नोमला आवाज मिळाला. टेबल हसलंच, पण या वेळी हसं गिऱ्हाइकाचं झालं, नोम काउंटरच्या आतल्या बाजूला होता. कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्या कॅम्पेनमध्ये दोन कॅरॅक्टर मेली आणि त्यांच्या जागी दोन नोम आले, माझ्या पाचातले शेवटचे दोन, एक अजून जिवंत आहे, तेराव्या लेव्हलला, आणि भयंकर खवचट आहे.

तेव्हा तुम्ही पुढचं कॅम्पेन लिहाल त्यात नोमना असं एक काम द्या जे त्यांच्याशिवाय कुणाला येत नाही आणि ज्याच्यावाचून बाकीच्यांचं अडतं, आणि पार्टीला पहिल्या दोन सेशनमध्ये त्या कामासाठी त्यांच्या दारात उभं करा. कुलूपच पाहिजे असं नाही, नकाशे असू दे, औषधं असू दे, तुमच्या ग्रुपला तुम्ही ओळखता. खानावळवाल्याचे विनोद आवरा, हे मी स्वतःला पण सांगतोय. आणि एवढं करून कुणी नाहीच घेतला तर सोडून द्या, सहाच्या सहा टीफलिंग असलेली पार्टीही मी चालवलीये, कॅम्पेन मस्त झालं, फक्त नावं लक्षात राहायची नाहीत.

आणि ते फीट द्यायचंच असेल तर ड्रॅगनबॉर्नला द्या, तुम्ही २०१४ चं पुस्तक वापरताय म्हणजे खरी गरज त्यालाच आहे.